लॉग इनचे संदर्भासह स्पष्टीकरण

पाण्यात माणसं अनेक कारणांनी पडतात. कुणी पोहायला म्हणून पडतो, कुणाला कुणी ढकलतो. एका इंग्रजी शब्दाचा उगम शोधता शोधता पाण्यात पडलेला मात्र आमच्या इमारतीत मी एकटाच. हे मी अभिमानाने सांगत नाही. बाकीचे लोक सांगतात तेव्हा तपशिलात फार चुका करतात, म्हणून नाइलाजाने स्वतः सांगायला बसलो आहे.

त्याचं असं झालं की आमचे सासरे घरी बसले. सासरे आमच्याकडेच राहतात. शाळेत भाषा शिकवून निवृत्त झाले असं म्हणतात; खरं तर शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली, ते अजून शिकवतातच. जावई हा दहावा ग्रह असं लोक म्हणतात. ज्यांनी म्हटलं त्यांचे सासरे त्यांच्याकडे राहत नसावेत. तर सकाळचं जेवण उरकून सासरे चौकातल्या वाचनालयात जायचे ते संध्याकाळी परतायचे, आणि त्या मधल्या वेळात आमच्या घरात येणारी-जाणारी माणसं व्याकरणाची भीती न बाळगता मोकळेपणाने बोलायची. बायको घरीच कपडे शिवून देते. तिची गिऱ्हाइकंही याच वेळेत येत.

एके दिवशी सासरे गेल्या पावली परत आले. छत्री कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "उद्यापासून मी वाचनालयात जाणार नाही."

"का हो बाबा? काय झालं?" मी विचारलं. मला सुट्टी होती, हे माझं दुर्दैव.

"दाराशी एक यंत्र बसवलंय. बसायला जागा हवी असेल तर म्हणे आधी लॉग इन करा. लॉग इन म्हणजे काय?"

"म्हणजे... लॉग इन करायचं."

"ही व्याख्या नाही जावईबापू, हा प्रतिध्वनी आहे."

मी म्हणालो, आपलं नाव घालायचं, पासवर्ड घालायचा, की आत. त्यावर ते म्हणाले, "ती कृती झाली. मी अर्थ विचारतोय. ज्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नाही तो मी तोंडात घेत नाही, मग त्याच्यावर बोट कसं ठेवू? आणि तुम्ही तर कचेरीत लोकांना हेच शिकवता ना? जन्मभर ज्या दारातून आत जाता, त्या दाराला तसं का म्हणतात हे एकदाही मनात आलं नाही?"

हे मात्र लागलं. मी आमच्या कचेरीच्या प्रशिक्षण विभागात आहे. नवीन आलेल्या प्रत्येक माणसाला "आधी लॉग इन करा" हे पहिलं वाक्य मीच सांगतो. माझं अर्धं आयुष्य त्या एका वाक्यावर चाललं आहे म्हटलं तरी चालेल. तरी मी तेव्हा विषय वाढवला नाही. म्हातारा माणूस आहे, दोन दिवस रुसेल आणि जाईल, असा माझा हिशेब होता.

सासरे गेले नाहीत. घरी बसले आणि बायकोच्या गिऱ्हाइकांना सुधारू लागले. एक बाई म्हणाली, "ताई, हे कमरेत लई ढिल्लं होतंय," तर आतून आवाज आला, "सैल!" दुसरी म्हणाली, "मला अर्जंटमध्ये पाहिजे," तर आतून, "अर्जंटमध्ये काही नसतं, तातडीने!" तिसरी बाई कापड घेऊन आली आणि खाणाखुणा करून मापं सांगू लागली. बायको म्हणाली, "अहो, काहीतरी करा. आता बायका माझ्याकडे यायच्या आधी शब्द पाठ करून येतायत."

पण खरं सांगायचं तर तिला काळजी वेगळीच होती आणि मलाही. सासरे दुपारभर खिडकीत बसून वाचनालयाच्या दिशेने बघत. जेवण कमी झालं होतं. वर्तमानपत्र वाचून संपलं की तेच पुन्हा पहिल्यापासून वाचत. तो माणूस तिथे नुसता वाचायला जात नव्हता. त्याची तिथे एक खुर्ची होती, चार ओळखी होत्या, भांडायला दोन-तीन समवयस्क होते. ते सगळं एका शब्दापायी सुटलं होतं. मला वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी उत्साहात येतो, हा माझा जुना आजार आहे.

कचेरीत संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसाला विचारलं, "लॉग इन म्हणजे काय हो?"

"होत नाहीये का साहेब? पासवर्ड बदलून बघा."

"होतंय. शब्दाचा अर्थ विचारतोय."

तो काळजीने माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तरी एकदा पासवर्ड बदलून बघा."

शेवटी जेवणाच्या सुट्टीत मी स्वतःच इंटरनेटवर शोधलं आणि चकितच झालो. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका! पूर्वी शिडाच्या जहाजांना वेग मोजायचं साधन नव्हतं. मग खलाशी दोरीला लाकूड बांधून ते जहाजाच्या मागे पाण्यात टाकत. लाकूड साधारण होतं तिथेच तरंगायचं, जहाज पुढे जायचं, दोरी सुटत राहायची. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं, की वेग कळला. तो ज्या वहीत लिहायचा ती लॉगबुक. पुढे जहाजावर जे जे घडेल ते त्याच वहीत लिहू लागले. मग कुठल्याही यंत्राच्या नोंदीला लॉग म्हणू लागले, आणि संगणक आल्यावर त्या नोंदीत आपलं नाव चढवून आत शिरायचं ते लॉग इन. म्हणजे आम्ही सगळे रोज सकाळी कचेरीत येऊन, नकळत, एका ओंडक्याच्या नावाने कामाला लागत होतो!

संध्याकाळी मी हे सगळं सासऱ्यांना सांगितलं. वाटलं, आता पाठीवर हात पडेल. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "ओंडका पाण्यात टाकला तर तो जहाजामागे ओढला नाही का जाणार? मग वेग कसा कळेल?"

"दोरी सैल सोडायची असते, बाबा."

"कशावरून?"

"वाचलंय मी."

"वाचलंत ते ठीक. समजलंय का? आमच्या वेळी परीक्षेत संदर्भासह स्पष्टीकरण विचारायचे. पाठ करून आलेली पोरं तिथेच गडगडायची."

"समजलंय! प्रत्यक्ष दाखवू शकतो मी!" मी ओरडलो.

'शकतो' या क्रियापदाने आजवर अनेकांचा घात केला आहे. सासऱ्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "दाखवा."

मी आत गेल्यावर बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, नुसतं 'असेल बाबा' म्हणायचं होतं. मी लहानपणापासून तेच म्हणत आलेय." पण आता माघार घेणं शक्य नव्हतं. प्रश्न ओंडक्याचा राहिला नव्हता, प्रशिक्षण विभागाच्या इभ्रतीचा झाला होता.

आता तळं तर होतं. आमच्या जवळच्या बागेतल्या तळ्यात पायडल मारायच्या हंसाच्या आकाराच्या बोटी आहेत. ओंडका, दोरी आणि परवानगी एवढंच जमवायचं होतं. ओंडक्यासाठी मी समोरच्या दारातल्या शेजाऱ्यांचा सल्ला घेतला, म्हणजे घ्यावा लागला. ते दारातच उभे होते. यांना आम्ही 'अनुभवी' म्हणतो. जगात असं काहीही नाही ज्याचा त्यांना अनुभव नाही. बाळंतपणाच्या विषयातसुद्धा ते "माझा अनुभव सांगतो" अशीच सुरुवात करतात.

"माझा अनुभव सांगतो," अनुभवी म्हणाले, "हलकं लाकूड अजिबात घेऊ नका. वाऱ्याने भरकटेल. तुम्हाला ते जागच्या जागी राहायला हवंय ना? मग जड घ्या. जितकं जड तितकं चांगलं."

हे ऐकायला इतकं शास्त्रीय वाटलं की मला शंकाच आली नाही. उंटावरचा शहाणा हा नेहमी फार आत्मविश्वासाने बोलतो, आणि खाली उभ्या असलेल्याला फक्त उंटाची उंची दिसते.

सुताराकडे गेलो. "जड ओंडका पाहिजे."

"कशाला पाहिजे?"

"पाण्यात टाकायला."

सुताराने रंधा खाली ठेवला. दुकानाच्या कोपऱ्यातून पायाने ढकलत एक काळाकुट्ट ठोकळा बाहेर आणला. "हा घेऊन जा. याला रंधा लागत नाही, करवत चालत नाही, येता-जाता माझ्या पायात येतो. टाकायचाच आहे म्हणता ना? मग पुन्हा आणू नका म्हणजे झालं." त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला आपणच काहीतरी समाजसेवा केल्यासारखं वाटलं. ठोकळा स्कूटरवर पायाशी ठेवला तेव्हा स्कूटर पुढून खाली वाकली.

दोरी घरातच होती. बाल्कनीत कपडे वाळत घालायची, लांबलचक, नायलॉनची. ती सोडली तेव्हा तिच्यावर गिऱ्हाइकाची एक चादर होती, ती खालच्या मजल्यावरच्यांच्या बाल्कनीत गेली. त्यावरून जे बोलणं झालं ते या कथेच्या विषयात बसत नाही. नायलॉनला गाठी टिकेनात. अनुभवी म्हणाले, "गाठी कशाला? कपड्यांचे चिमटे लावा ठरावीक अंतरावर. मोजायलाही सोपे, रंगीत असतात." हेही शास्त्रीय वाटलं. वाळूचं घड्याळ घरातल्या एका जुन्या पटाच्या खेळात सापडलं.

राहिली परवानगी. बागेच्या कचेरीतल्या कारकुनाने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हाला तळ्यात वस्तू टाकायचीय."

"हो, पण लगेच बाहेर काढणार."

"टाकायला मनाई आहे. बोर्ड लावलाय."

"अहो, शैक्षणिक प्रयोग आहे."

"शैक्षणिक सहल असेल तर शाळेचं पत्र लागेल. आणि वस्तू टाकायच्या परवानगीचा नमुनाच नाहीये आपल्याकडे." त्याने जरा विचार केला. मग मायेने म्हणाला, "काढायचा नमुना आहे. तळ्यात चुकून पडलेली वस्तू काढून घेण्यासाठी अर्ज. तो भरून देता का?"

"पण अजून पडलीच नाहीये."

"पडेल ना. घाई कशाला करताय?"

अशा रीतीने माझ्या हातात ओंडका पाण्याबाहेर काढायची परवानगी आली, तो पाण्यात पडण्यापूर्वीच. शासनाची दूरदृष्टी म्हणतात ती हीच असावी.

रविवारी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. सासरे काठावरच्या बाकावर ताठ बसले, एका हातात वाळूचं घड्याळ, दुसऱ्या हातात वही-पेन. बोटीत मी आणि अनुभवी. पायडल मारायला दोघं लागतात, आणि ते तसेही राहिले नसतेच. ओंडका मधे ठेवल्याबरोबर हंसाने मान टाकल्यासारखी केली. बोटवाला काठावरून म्हणाला, "साहेब, ते काय आहे?" मी म्हणालो, "लॉग इन." त्याने पुढे विचारलं नाही.

तळ्याच्या मध्यावर आल्यावर मी सासऱ्यांना हात केला. त्यांनी घड्याळ उलटं केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "टाका!" हा आवाज ऐकून बागेत फिरायला आलेली माणसं थांबली. मी दोरीचं टोक हंसाच्या मानेला बांधून घेतलं होतंच, ओंडका दोन्ही हातांनी उचलला आणि मागे सोडला.

लाकूड तरंगतं, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. हे लाकूड वेगळ्या मताचं होतं. ते सरळ तळाशी गेलं. दोरी त्याच्यामागे गेली, अनुभवींनी पायडल मारताच उरलेलीही सर्रकन सुटली, चिमटे एकामागून एक उडाले, त्यातला एक अनुभवींच्या मिशीला लागला. "मोजा, मोजा!" मी ओरडलो. "काय मोजू, चिमटा मिशीत आहे!" ते ओरडले. आम्ही जिवाच्या आकांताने पायडल मारू लागलो. बोट पुढे गेली, दोरी ताणली, आणि बोट थांबली. पुन्हा मारले, बोट ओंडक्याभोवती गोल फिरली आणि पुन्हा थांबली. जहाजाला नांगर टाकतात ना, तसा आम्ही स्वतःला नांगर टाकून घेतला होता.

काठावर घड्याळ रिकामं झालं होतं. सासऱ्यांनी विचारलं, "वेग किती?"

सगळी बाग कान देऊन ऐकत होती. मी खाली मान घालून म्हणालो, "शून्य."

"शून्य," असं म्हणून त्यांनी ते वहीत लिहिलं. खाली तारीखही घातली.

आता मानेची गाठ सोडावी म्हणून मी उठलो. नायलॉनला एरवी गाठ टिकत नाही, ही मात्र लोखंडासारखी बसली होती. मी जोर केला, त्याच वेळी अनुभवींनी माझ्या मदतीसाठी उठायचं ठरवलं, आणि मी पाण्यात गेलो. "वाचवा! वाचवा!" असं मी ओरडलो हे मी नाकारत नाही. कुणीही ओरडला असता. पाय झाडत होतो, हात मारत होतो, आयुष्य डोळ्यांपुढून जात होतं, त्यात बरंचसं प्रशिक्षण विभागातलंच होतं. तेवढ्यात बोटवाला कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "साहेब, उभे राहा."

मी उभा राहिलो. पाणी मांड्यांपर्यंत होतं.

त्यानंतर जो हशा पिकला तसा त्या बागेत कधी पिकला नसेल. अनोळखी लोक एकमेकांना टाळ्या देत होते. कारकूनही आला होता; म्हणाला, "वस्तू काढायचा अर्ज आहे, माणूस काढायचा नाही, पण आज चालवून घेऊ." मी घरी पोचण्याआधी माझ्या पडण्याची चित्रफीत घरी पोचली होती. इमारतीच्या ग्रुपवर, कचेरीच्या ग्रुपवर, आणि जिथे मी सदस्यही नाही अशा कित्येक ग्रुपवर. संगणक दुरुस्तीवाल्याने मला खास निरोप पाठवला, "साहेब, पासवर्ड बदलायचा होता ना." बायकोने डोकं पुसून दिलं, एवढा वेळ हसू दाबून ठेवलं, आणि मग दोरीची चौकशी केली. दोरी तळ्यातच होती.

मी दुखावलो. दुखावलो म्हणजे जेवलो, पण न बोलता जेवलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि एवढं करून सासऱ्यांनी काय लिहिलं होतं? शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना सासरे म्हणाले, "जावईबापू, एक सांगायचंय. तुम्ही म्हणालात तो अर्थ बरोबर आहे. मी पहिल्याच दिवशी शब्दकोशात पाहिला होता."

कप माझ्या हातात तसाच राहिला. "म्हणजे? मग मी तळ्यात कशाला गेलो?"

"तुम्ही इतक्या उत्साहात होतात, की मला मधे बोलायला जागाच मिळाली नाही."

मी काहीतरी फार मोठं बोलणार होतो. शब्द तोंडाशी आले होते, आणि ते व्याकरणदृष्ट्या शुद्ध नव्हते. पण सासऱ्यांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. मी तो रोज बघत होतो आणि कधी बघितला नव्हता.

"गेलं वर्षभर असंच आहे," ते म्हणाले. "त्या यंत्रावर अक्षरं एवढीशी. एकावर बोट ठेवायला जावं तर दुसरं उमटतं. आणि जे उमटतं तेही दिसत नाही, नुसते ठिपके. मागे रांग. त्या दिवशी तीनदा चुकलो. मागून कुणीतरी च् च् केलं. आयुष्यभर फळ्यावर सुवाच्य अक्षर काढलं मी, पोरांच्या हातावर छड्या मारल्या अक्षर वाईट म्हणून. मला लाज वाटली हो. हात थरथरतो असं सांगण्यापेक्षा शब्द समजत नाही म्हणणं बरं वाटलं."

माझा राग कुठे गेला ते मला सांगता येणार नाही. मी म्हणालो, "चला, मी येतो बरोबर. मी दाबतो अक्षरं."

"नको. अक्षरं मीच दाबणार. काल तुम्ही माझ्यापायी सगळ्या गावासमोर हसं करून घेतलंत. आता थोडं मीही करून घेतो."

आम्ही वाचनालयात गेलो. यंत्रासमोर रांग होती. सासऱ्यांची पाळी आली, त्यांनी बोट पुढे केलं, ते चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. मागे पाय बदलल्याचे आवाज येऊ लागले. कुणीतरी घड्याळ बघितलं. सासऱ्यांचे कान लाल झाले. मग ते अचानक मागे वळले आणि वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाले, "माझा हात थरथरतो. मला वेळ लागेल. तोवर तुम्ही यांच्याशी बोला. हे माझे जावई. काल तळ्यात पडले ते हेच."

रांगेतला एकजण म्हणाला, "अरे, खरंच की! तेच हे!" दुसरा म्हणाला, "साहेब, पण तो ठोकळा कशाला नेला होता हो?" सगळी रांग माझ्याभोवती गोळा झाली. पळून जावंसं वाटलं. पण मागे टक्, टक् असा एकेक अक्षराचा आवाज येत होता, सावकाश, मोठ्या अंतराने. मी खाकरलो आणि शिडाच्या जहाजापासून सुरुवात केली. सुतार आला, कारकून आला, अनुभवींची मिशी आली. सगळे हसत होते. यंत्राकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तळ्याचं पाणी मांड्यांपर्यंत आलं तेव्हा ग्रंथपाल बाईसुद्धा खुर्चीतून उठून आल्या होत्या.

मागून सासऱ्यांचा आवाज आला, "झालं. आत घेतलं बुवा मला." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"चला तर मग, मी निघतो बाबा," मी म्हणालो. "कचेरीला उशीर होतोय."

सासऱ्यांनी माझा दंड धरला. रांगेत आता काठी टेकत पुढे सरकलेले एक आजोबा होते. त्यांनी बोट यंत्राकडे नेलं होतं, आणि ते बोट हवेतच थरथरत थांबलं होतं. मागे नवीन माणसं येऊन उभी राहिली होती.

"थांबा जरा," सासरे हळूच म्हणाले. "यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. पहिल्यापासून सांगा, आणि घाई करू नका."

मी कचेरीची पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा शिडाच्या जहाजापासून सुरुवात केली.